ऊसतोड आणि शेतमजुरांचा खरा रोज किती? बेळगाव सीमाभागात मजुरीचा आकडा शोधायची माझी पद्धत

माझं निपाणीच्या बाजूला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. दोन वर्षांमागं पुण्यात एमए करणाऱ्या मावसभावाचा फोन आला, दादा तुमच्याकडं ऊसतोड मजुराला दिवसाला किती पडतात सांग ना, प्रोजेक्टला पाहिजे. मी खुर्चीवरनं उठलो पण नाही, समोर चहा पीत बसलेल्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, तो म्हणाला सातशे वीस पडतात की, मी तेच टाइप करून पाठवलं आणि विसरून गेलो. पुढं कळलं की सातशे वीस एका कोयत्याचे होते. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. म्हणजे मी एका फटक्यात मजुरी डबल करून टाकली आणि बायकोला हिशोबातनं गायब केलं, आणि ते छापून बांधून कॉलेजात जमा पण झालं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. दुकानात बसून सरकारी पीडीएफ उघडायची सवय होतीच, सीझनला फडावर, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या रानात, जाऊन विचारायची सवय नंतर लागली. कुणाला रिपोर्टसाठी, बातमीसाठी, ग्रामपंचायतीत भांडायला किंवा नुसतं आपल्या टोळीला बरोबर पैसे मिळतायत का बघायला आकडा पाहिजे असेल तर मी कसं करतो ते लिहितोय.

आधी आकडा कशाचा पाहिजे ते ठरवा

नव्वद टक्के घोळ इथंच होतो. "मजुरी किती" असं विचारलं की समोरचा चार वेगवेगळ्या गोष्टींपैकी एक सांगतो आणि आपण ती पाचवीच समजतो. एक असतो ठरलेला दर, टनाला इतके, एकराला इतके, दिवसाला इतके. दुसरी त्या दरानं झालेली कमाई. तिसरे हातात पडलेले पैसे, म्हणजे उचल, किराणा, दवाखाना सगळं वळतं करून उरलेले. आणि चौथी उचल, जी मजुरी नाहीच, ते कामाआधी घेतलेलं देणं आहे. "औंदा कोयत्याला लाख मिळाले" असं कुणी सांगितलं तर शंभरातल्या नव्याण्णव वेळा तो उचलीबद्दल बोलतोय हे धरून चाला.

त्यामुळं कुठलाही आकडा कानावर आला की मी पाच गोष्टी विचारल्याशिवाय लिहीत नाही: एका माणसाचा की जोडीचा, पुरुषाचा की बाईचा, किती तासांचा, जेवण-चहा-गाडीभाडं धरून की सोडून, आणि कधीचा. तारीख नसलेला आकडा तर मी सरळ सोडून देतो कारण सुगीच्या दहा दिवसांतला रोज आणि एप्रिलमधला रोज यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

सरकारी आकडे कुठं मिळतात आणि कशाला उपयोगी पडतात

सगळ्यात पहिला लेबर ब्युरो. हे केंद्राचं ऑफिस दर महिन्याला ग्रामीण मजुरीचे दर काढतं, राज्यवार, पुरुष-बाई वेगवेगळं, आणि नोव्हेंबर २०१३ पासून कामांचे २५ प्रकार केलेत, त्यात १२ शेतीचे आणि १३ बिगरशेतीचे. नांगरट वेगळी, पेरणी-लावणी-भांगलण (खुरपणी) एकत्र, कापणी-मळणी वेगळी, आणि कापूस-चहा-तंबाखूसारख्या पिकांची तोडणी-वेचणी वेगळी. निपाणी भागातल्या तंबाखूच्या कामाचा आकडा शोधणाऱ्यानं "सर्वसाधारण शेतमजूर" या ओळीवर न थांबता ती वेचणीची ओळ बघावी, बहुतेक लोक बघतच नाहीत.

पण गोची अशी की हे अख्ख्या कर्नाटकाची सरासरी देतं. जुन्या मालिकेत २० राज्यांतली मिळून ६०० गावं होती, आता २०१९ हे पायाभूत वर्ष धरून केलेल्या नव्या मालिकेत ७८७ गावं आहेत, तीही ३४ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत वाटलेली. आता भागाकार तुम्हीच करा, एका राज्याच्या वाट्याला किती गावं येतात. मंड्याचा कालव्याखालचा मजूर, कोडगूचा कॉफी मळ्यातला मजूर आणि रामदुर्गच्या कोरडवाहू रानातला मजूर यांची सरासरी काढून ती आमच्या जिल्ह्यातल्या अथणीला लावली तर काय हाती लागणार. म्हणून हा आकडा मी फक्त चाल बघायला वापरतो, गेल्या पाच वर्षांत मजुरी वाढली की नुसती महागाई वाढली ते कळायला. महागाई काढायला याच ऑफिसचा शेतमजुरांचा ग्राहक किंमत निर्देशांक घ्यायचा, फक्त १९८६-८७ वाली जुनी मालिका आणि २०१९ वाली नवी यांचे आकडे जोडणी गुणक (जुना आकडा नव्या मालिकेशी जुळवणारा) न लावता एका कॉलमात टाकू नका, नाहीतर महागाई एकाएकी पाताळात गेल्यासारखी दिसते. मी टाकले होते.

रिझर्व्ह बँक राज्यांच्या आकडेवारीचं जे जाडजूड हँडबुक काढते त्यात हेच लेबर ब्युरोचे आकडे वर्षाच्या सरासरीत लावून मिळतात, एक्सेलमध्ये, डाउनलोड करायला सोपे. २०२२-२३ ला सर्वसाधारण पुरुष शेतमजुराचा देशाचा रोज ३४५ रुपयांच्या आसपास होता, केरळ ७६४ आणि मध्य प्रदेश २२९. एवढा फरक एका देशात. पेपरात "शेतमजुराला सरासरी इतके" असं आलं की बहुतेक वेळा मूळ इथलंच असतं, आणि तो पुरुषांचाच आकडा असतो हे बातमीत लिहायचं राहून गेलेलं असतं.

जिल्ह्याचा आकडा पाहिजे तर केंद्राच्या कृषी मंत्रालयाचं अर्थ आणि सांख्यिकी खातं शेतमजुरीचा जो वार्षिक अहवाल काढतं तो बघायचा. त्यात जिल्ह्यातलं एखादं केंद्र धरून महिनावार रोज दिलेला असतो, जुलै ते जून असं शेतीवर्ष. चांगलं हे की बेळगाव जिल्ह्याची स्वतंत्र ओळ सापडते. वाईट हे की अहवाल उशिरा येतो आणि केंद्र म्हणजे एक-दोन गावं. आमचा जिल्हा २०११ च्या जनगणनेला ४७ लाखांवर माणसांचा, खानापुरात पावसाचं जंगल आणि भात, अथणीत द्राक्षं आणि ऊस, सौंदत्तीकडं काळी रानं, तिथं एक गाव काय सांगणार. शिवाय सलग सहा महिने तोच आकडा दिसला तर समजायचं की कुणीतरी मागच्या महिन्याचा कागद पुढं ढकललाय. असला सपाट आकडा मी वापरत नाही.

चौथं म्हणजे पीएलएफएस, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा रोजगाराचा सर्व्हे, २०१७-१८ पासून चालू. यात घराघरात जाऊन गेल्या सात दिवसांत रोजंदारीवर किती कमावलं ते विचारतात, म्हणजे दर नाही, खरी कमाई. मूळ डेटा फुकट मिळतो, नोंदणी करावी लागते. ज्याला स्टॅटा, आर असलं सॉफ्टवेअर येतं त्यानं शेतीतल्या रोजंदारीची माणसं गाळून घ्यावीत, सरकारी कामं सोडून बाकी रोजंदारीचा कोड ५१ आहे. पण जिल्ह्यावर उतरलात की शेतीत रोजंदारी करणाऱ्या बायका हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या उरतात आणि त्यावरनं ठाम काही बोलता येत नाही.

आणि आपल्या विषयाची खरी मेख इथंच आहे. हे सर्व्हे घर धरून चालतात. ऊसतोडीला आलेलं बीडचं कुटुंब कारखान्याच्या माळावर नाहीतर फडाच्या कडेला कोपीत (झोपडीत) राहतंय, ते बेळगाव जिल्ह्याच्या घरयादीत नसतं, आणि सर्व्हेवाला बीडच्या घरी गेला तर तिथं कुलूप नाहीतर म्हातारी. म्हणजे काम कर्नाटकात, घर महाराष्ट्रात आणि आकडा कुठंच नाही. उलट दिशेनं पण तेच, खानापूरची माणसं गोव्यात कामाला जातात ती गोव्यातही धड मोजली जात नाहीत. २००७-०८ ला एनएसएसच्या (राष्ट्रीय नमुना सर्व्हे) ६४ व्या फेरीत हंगामी स्थलांतर वेगळं विचारलं होतं, एक महिना किंवा जास्त आणि सहा महिन्यांपेक्षा कमी बाहेर राहिलेली माणसं अशी व्याख्या, आता एखादा सीझन लांबून सहा महिन्यांच्या वर गेला तर तो यात बसतो का तुम्हीच बघा.

कायद्यानं ठरलेला दर म्हणजे मिळणारा दर नव्हे

किमान वेतन शोधताना एक गंमत. कर्नाटकच्या कामगार खात्याला कन्नडमध्ये कार्मिक इलाखे म्हणतात आणि किमान वेतनाला "कनिष्ठ वेतन". आपल्या मराठी डोक्याला ते ज्युनियर माणसाचा पगार वाटतं, मी पहिल्यांदा ती फाईल तसंच समजून बंद केली होती. कन्नड कीबोर्ड लावून हे शब्द टाकून शोधा, मराठीत शोधलं की सगळी महाराष्ट्राची पानं येतात. कर्नाटकात महागाई भत्ता दर १ एप्रिलला बदलतो, महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैला, त्यामुळं कागदावरची तारीख आधी बघायची. दुसरं, गूगल बऱ्याचदा केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांचे दर वर दाखवतं, त्यात "शेती" अशी ओळ असते आणि आकडा बराच मोठा दिसतो. तो रायबागच्या शेतकऱ्याच्या रानाला लागू नसतो, राज्याचा दर लागू असतो. चांगली शिकलेली माणसं इथं फसलेली बघितलीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या जुन्या कायद्याच्या जागी वेतन संहिता लागू झालीये, त्यामुळं जुन्या पुस्तकातलं कलम सांगून ऑफिसात भांडायला जाऊ नका.

हा आकडा कशाला लागतो तर तुलनेला. १९८२ ला दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान वेतनाच्या खाली राबवून घेणं म्हणजे वेठबिगारीच. म्हणून तुमचा गोळा केलेला आकडा किमान वेतनाच्या खाली आला तर ती नुसती माहिती राहत नाही, तक्रार होते.

रोजगार हमीचा दर मात्र सरळ मिळतो आणि पक्का असतो. २०२५-२६ ला कर्नाटकात ३७०, महाराष्ट्रात ३१२, गोव्यात ३७८ होता. कागल आणि निपाणी यांच्यात वीस-बावीस किलोमीटर, सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की ५८ रुपयांचा फरक होता. शेतात मजूर मिळत नाहीत म्हणून ओरडणाऱ्याला मी हाच आकडा दाखवतो, तुमचा बाईचा रोज याच्या खाली आहे का वर ते सांगा म्हणतो. मग विषय बदलतो.

कोयत्याचा हिशोब, कागद-पेन घेऊन

ऊसतोडीचं थोडं सावकाश सांगतो कारण आमच्याकडं बाहेरून येणाऱ्या मजुरांत मोठा भाग यांचाच, आणि सगळ्यात जास्त चुका पण यातच. चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक सगळा कारखान्यांचा पट्टा, दिवाळीच्या आसपास टोळ्या येतात, बीडकडनं, विजापूरकडनं, मार्चच्या पुढंमागं परततात.

महाराष्ट्रात साखर संघ आणि कामगार संघटनांचा करार होतो, जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली, टनाला पावणेतीनशेच्या आसपास होता तो दर साडेतीनशेच्या वर गेला. हा करार महाराष्ट्रातला. पण सीमेवर टोळी इकडं का तिकडं जाणार हे उचल आणि दरावर ठरतं, त्यामुळं इकडचा मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, पण तोच आकडा तोंडात घेऊन बोलतो. तुम्ही विचारताना "करारातला की इथं मिळणारा" एवढं मधे घाला. शिवाय डोकी सेंटर, गाडी सेंटर आणि टायर यांचा दर वेगळा असतो, गाडी आणि टायर हे बैलगाडीवाले, त्यांच्या दरात वाहतूक धरलेली असते. डोकीवाला मोळ्या डोक्यावरनं ट्रकपर्यंत नेतो. दोघांचे आकडे एकत्र करून सरासरी काढली तर ती कुणाचीच नसते.

आता समजा दर ३६० धरला, हिशोबाला सोपा. दहा कोयत्यांच्या टोळीनं दिवसात वीस टनाची गाडी भरली. ७२०० झाले. दहानं भागलं, कोयत्याला ७२०. हाच तो माझ्या ट्रॅक्टरवाल्याचा आकडा. दोन माणसांत ३६०. इथं थांबलात तर वाटतं बरं आहे की, जवळजवळ रोजगार हमीएवढं. थांबू नका. फडात पहाटे सहाला शिरले, तीन-चारला तोड संपली, गाडी आली रात्री नऊला, भरायला तीन तास. मधला वेळ सोडला तरी बारा-तेरा तास अंगावरचं काम. ३६० भागिले १३, तासाला २७ रुपये आणि वर काही पैसे. आठ तासांचा रोज काढला तर सव्वादोनशेच्या आत.

अजून पुढं चला. सीझन दीडशे दिवसांचा धरला तर सगळे दिवस तोड नसते. गाडी आली नाही, पाऊस लागला, कारखाना बंद पडला, बाळंतपण, आजारपण. तोडीचे १२० दिवस धरले तर ७२० गुणिले १२० म्हणजे ८६,४००. उचल लाखाची असेल तर कोयत्याच्या अंगावर मुकादमाचे १३,६०० राहिले आणि ती बाकी पुढच्या सीझनला फिरली. म्हणजे पाच महिने राबून घरी जाताना हातात शून्य आणि वर देणं. कुणी सांगेल उचल तर आधीच मिळाली होती, बरोबर आहे, पण म्हणूनच "कमाई" आणि "हातात" हे दोन कॉलम वेगळे ठेवायला सांगतोय. खाड्याचे पैसे कापतात का ते पण विचारा, कामावर न आलेल्या दिवसाचा नुसता रोज बुडत नाही तर काही ठिकाणी उलटा दंड लागतो.

जमेच्या बाजूला पण गोष्टी असतात. वाढे (उसाचे शेंडे) विकतात, गुरांच्या चाऱ्याला शेतकरी नाहीतर गवळी घेतात, त्याचा रोजचा खर्च निघतो. शेतकऱ्याकडनं खुशाली, म्हणजे वरचे पैसे, घेतात, ड्रायव्हर पण एन्ट्री म्हणून पैसे घेतो. हे कुठल्याच कागदावर नसतं. शेतकरी चिडून सांगतो की आम्हाला एकरामागं एवढे द्यावे लागतात, मजूर म्हणतो आमच्या वाट्याला काय येतंय, ते ड्रायव्हर आणि मुकादमात जातंय. दोघांचं लिहून ठेवायचं, बेरीज आपण करायची नाही.

कारखान्याचा तोडणी-वाहतूक खर्च टनाला सातशे-आठशे वगैरे ऐकलात तर तो मजुरीचा आकडा समजू नका. त्यात ट्रक-ट्रॅक्टर, अंतर, मुकादमाचं कमिशन सगळं येतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी आंदोलनाला बसले होते तेव्हा सगळी चर्चा उसाला टनाला ३५०० पाहिजे आणि सरकारनं ३३०० ठरवले यावर चालली, तोडणी-वाहतूक सोडून. त्या सोडलेल्या भागात कोयत्याचे किती हे त्या आठवड्यात कुणी मला विचारायला आलं नाही.

बाकी शेतकामं

भांगलण, सोयाबीन कापणी, भुईमूग उपटणं, भात लावणी, द्राक्षाची छाटणी, यात पद्धत निराळी. आधी विचारा रोजानं की उधडं. उधडं म्हणजे एकरानं नाहीतर नगानं अंगावर घेतलेलं, कन्नड बाजूला गुत्तिगे. उधड्यात किती माणसं, किती वेळ लागला हे विचारून रोज काढावा लागतो. रोजाचं असेल तर वेळ विचारा, पुरुषांचा आठला सुरू होतो आणि बायकांचा दहाला असं काही गावात असतं आणि मग "बाईचा रोज कमी कारण तास कमी" असं सांगतात, तास लिहिलेत तर ते खरं का खोटं लगेच दिसतं.

गावातल्या बायका पैऱ्यानं जातात ते मजुरीत धरू नका, आज तुझ्या रानात उद्या माझ्या रानात, तिथं पैसा नाहीच. आणि बाहेरगावच्या टोळीचं वडापचं (शेअर जीपचं) भाडं कोण देतं ते नक्की विचारा. मालक देत असेल तर तोही खर्च तीनशेच्या रोजात मिसळून सांगतो, टोळी देत असेल तर तीनशेतनं तीस आधीच गेलेले असतात.

कन्नड येत नसेल तरी तीन शब्द पाठ करा: कूली म्हणजे मजुरी, मुंगड म्हणजे उचल, एष्टु म्हणजे किती. सौंदत्ती-रामदुर्गच्या टोळीला मराठीत विचारलं तर मुकादमच उत्तर देतो, मोडक्या कन्नडात विचारलं की बाया हसतात आणि मग स्वतः सांगतात.

विचारायला कधी, कुणाला

मुकादमासमोर विचारलेला आकडा हा मुकादमाचा आकडा असतो. म्हणून तिघांना वेगवेगळं विचारायचं, मजूर, मुकादम आणि रानाचा मालक. मालक जास्त सांगतो, मजूर बहुतेक खरा पण कापून उरलेला सांगतो, मुकादम दर सांगतो, कमाई सांगत नाही. तिघांचं जुळलं तर पक्कं, नाही जुळलं तर फरक कशात आहे ते शोधलं की तिथंच खरी माहिती निघते.

बाजाराच्या दिवशी जा. आठवड्याचा पगार बाजाराच्या आदल्या दिवशी नाहीतर त्या दिवशी होतो, आकडा ताजा असतो, बाजारात भाजी घेताना माणूस मोकळा बोलतो. कारखान्याची वजनपावती बघायला मिळाली तर टन आणि तारीख तिथनं घ्या, तोंडी टन नेहमी गोल असतात. पण पावतीचा फोटो काढू नका, नाव-नंबर लिहू नका, "गाव, काम, बाई, तारीख" एवढं पुरतं. एका टोळीचं नाव बाहेर गेलं तर पुढच्या सीझनला त्यांची उचल अडते.

किती जणांना विचारायचं? एका कामाला, एका पंधरवड्यात, दहा-अकरा तरी. सरासरी काढू नका, एक फुगवून सांगणारा सगळं बिघडवतो. अकरा आकडे लहान-मोठे क्रमानं लावा आणि सहावा घ्या, मधला. सोबत सगळ्यात खालचा आणि वरचा पण लिहा. बायकांची यादी वेगळी.

कागद पाहिजे तर माहिती अधिकार आहे, दहा रुपये फी, तीस दिवस. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, आमची मराठी माणसं दोन पानं इतिहास लिहितात आणि अर्ज परत येतो. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत टाका, तत्त्वाचं भांडण दुसरीकडं भांडू. "मजुरी किती" असं विचारू नका, "अमुक वर्षी या तालुक्यात स्थलांतरित मजुरांसाठी ठेकेदारांना दिलेल्या लायसन्सची संख्या आणि तपासणीचे अहवाल" असं कागदाचं नाव घेऊन मागा. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदारानं मजुराला पासबुक द्यायचं, त्यात मजुरीचा दर लिहायचा असं होतं. आता तो कायदा नव्या संहितेत गेलाय, पण जुन्या वर्षांचं रेकॉर्ड मागता येतं. मी एकदा मागितलं, उत्तर आलं की "माहिती निरंक". तो कागद मी लॅमिनेट करून दुकानात ठेवलाय, कारण निरंक पण माहितीच आहे.

आणि शेवटचं काम, लिहिलेलं परत वाचून दाखवायचं. गेल्या सीझनला अथणीच्या बाजूला एका कोपीसमोर बसून मी वहीतनं वाचत होतो, टन इतके, दर इतका, दोघांत इतके, बारा तास. मावशी चुलीवर भाकरी टाकत ऐकत होत्या, म्हटलं मावशी बरोबर आहे का. म्हणाल्या, "बारा तास फडातले झाले रे दादा. पहाटं तीनला उठून ह्या भाकरी कोण करतंय, ते कुठं लिवलंस?" वहीत त्याला कॉलम नव्हता. तिथंच रेघ मारून केला.